रोल नंबर ४३ आणि संध्याकाळचे सात ते अकरा

सुरुवातीलाच सांगून टाकतो, यातलं गाव, वर्ष, विषय असं बरंच काही फिरवलंय, नाव तर देणारच नाही, त्याला आपण रोल नंबर ४३ म्हणू (हाही खरा नाही). आमच्याकडे नाहीतरी पोरं रोल नंबरवरूनच ओळखली जातात. मी कात्रज-नऱ्हे बाजूच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ईअँडटीसीला (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशनला) शिकवतो आणि सगळ्यांसारखाच जीएफएम पण आहे, म्हणजे वीस-बावीस पोरांचा पालक-शिक्षक, कागदावर मेंटॉर आणि प्रत्यक्षात महिन्याच्या शेवटी कमी हजेरीवाल्यांची डिफॉल्टर लिस्ट लावून घरी फोन करणारा माणूस. ४३ माझ्या बॅचचा. दारूचं व्यसन, ३५ दिवस व्यसनमुक्ती केंद्रात, मग घरी, आणि जुलैमध्ये परत कॉलेजला. केंद्रात काय झालं ते मला माहीत नाही, तो माझा प्रांतच नाही. परत आल्यावरचं एक सेमिस्टर मात्र रोज बघितलं, तेवढंच लिहितोय.

आधी मागचं थोडं. बार्शीकडचा पोरगा, वडिलांचं कृषी सेवा केंद्र, दहावी-बारावी दणदणीत. एफईला, म्हणजे पहिल्या वर्षी, हॉस्टेल, एसईला, दुसऱ्या वर्षी, चौघांनी मिळून फ्लॅट. महाराष्ट्रात बिअरला २१ आणि व्हिस्की-रमसारख्या कडक दारूला २५ वय पूर्ण लागतं, हा तेव्हा एकोणीसचा, पण वाइन शॉपच्या जाळीतून बाटली देताना कोणी आधार कार्ड मागितलेलं मी तरी बघितलं नाहीये. आधी शनिवारची पार्टी, मग सबमिशन झालं म्हणून, मग झोप येत नाही म्हणून, आणि शेवटी सकाळी हात थांबावेत म्हणून.

तो सकाळचा हात मी बघितला होता. टीईचं (तिसऱ्या वर्षाचं) प्रॅक्टिकल, साडेआठची बॅच, पोरं पीसीबीवर, म्हणजे सर्किट बोर्डवर, आयसी चिपचा बेस सोल्डर करत होती. ४३ च्या सोल्डरिंग आयर्नचं टोक पॅडवर टेकेचना, एका पॅडवरून दुसऱ्यावर घसरत होतं, दोन पिना एकत्र चिकटवून बसला, मग डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरून करायला लागला. आणि मी काय म्हणालो? "अरे नाश्ता करून येत जा की." वर्ग हसला, तोही हसला. बावीस वर्षं शिकवतोय, पोरांचे हात व्हायवाला थरथरतात हे माहितीये, पण साध्या टर्मवर्कला, रोजच्या प्रॅक्टिकलला, कोणाचे हात थरथरतात हा प्रश्न मला पडला नाही.

नोव्हेंबरात एंडसेमच्या तोंडावर गड्याने घरच्यांची शपथ घेऊन दारू एकदम बंद केली. चांगलंच केलं असं आपल्याला वाटतं ना, तसंच रूममेटलाही वाटलं, त्याने तर बाटल्या भंगारात दिल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ४३ ला फिट आली. रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरशिवाय एका दिवसात सोडली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊन माणूस काहीबाही बघायला-बोलायला लागू शकतो, जिवावरही बेततं. हे मला तेव्हा कळलं, आणि आता मी दर वर्षी एफईच्या पोरांना सांगतो, कारण "सोड, आजपासून बंद" असं दरडावणारे मित्र आणि बाप भरपूर आहेत. तिथून हॉस्पिटल, हॉस्पिटलातून केंद्र, टर्म गेली, वायडी, म्हणजे वर्ष वाया.

वडील डिसेंबरात भेटायला आले तेव्हा त्यांनी पिशवीतून पेपरचं एक कात्रण काढलं, "नकळत दारू सोडवा", चहात टाकायची पावडर. "सर, ही देऊन बघू का? त्याला सांगायची गरजच नाही." पोरगं केंद्रात असताना बाप बाहेर पुढची तयारी करतोय. मी म्हटलं डॉक्टरांना विचारा, आणि डॉक्टरांनी त्यांना बसवून समजावलं. दारू प्यायल्यावर त्रास होईल अशी गोळी खरंच असते, डायसल्फिराम, पण ती पेशंटला सांगून, त्याच्या मर्जीने, तपासण्या करूनच देतात. ती पोटात असताना दारू गेली तर चेहरा लालबुंद, धडधड, उलट्या, आणि माणसाला माहीतच नसेल तर सरळ धोका. ४३ ने ती स्वतःहून घेतली. मग त्याला आईला फोन करून सांगावं लागलं की सर्दीला तुझे होमिओपॅथीचे थेंब पाठवू नको, त्यात अल्कोहोल असतं, आणि कफ सिरप पाठवायचं तर लेबल वाच. आईला थेंबांचंच जास्त वाईट वाटलं.

आता जुलै. आणि पहिली चूक माझी.

रीअ‍ॅडमिशनच्या अर्जाला कारण लागतं, कारणाला पुरावा लागतो. तो माझ्याकडे खाकी पाकीट घेऊन आला, आत डिस्चार्ज समरी. मी न वाचताच म्हटलं लाव जोडून, आणि सही करून ऑफिसला पाठवलं. लेटरहेडवर ठळक अक्षरात 'व्यसनमुक्ती केंद्र'. तो कागद तीन टेबलांवरून गेला, कुठल्या टेबलावर काय झालं माहीत नाही, पण दुपारच्या लेक्चरला मागच्या बेंचवरून "चिअर्स" ऐकू आलं. आधीच हा एक वर्ष लहान पोरांच्या वर्गात, स्वतःची बॅच बीईला, शेवटच्या वर्षाला, गेलेली. संध्याकाळी केबिनमध्ये आला, चिडला नाही, रडला नाही, म्हणाला, "सर, केंद्रातली पन्नास माणसं माहिती असूनही एकानं कधी नावानं चिडवलं नाही." मी माफी मागितली. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांकडून ती समरी फाइलमधून काढून घेतली आणि डॉक्टरांकडून साधं पत्र आणलं, 'वैद्यकीय उपचारांसाठी अमुक ते अमुक कालावधीत गैरहजर', बास. कायद्यानेही दारू-ड्रग्जमुळे होणारे मानसिक त्रास २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मोडतात आणि उपचार करणाऱ्यांवर गुप्ततेचं बंधन असतं. डॉक्टर गप्प बसणार आणि आम्ही मास्तर लोक झेरॉक्स काढून वाटणार, असला प्रकार.

अटेंडन्सचं त्या मानाने सोपं निघालं. दर पंधरा दिवसांनी गुरुवारी फॉलोअप असायचा, त्यात अर्धा दिवस जायचा, ७५ टक्क्यांचं गणित बिघडत होतं. मी त्या अर्ध्या दिवसाचं प्रॅक्टिकल शुक्रवारच्या बॅचबरोबर करून घेतलं, एवढंच. त्याला सूट दिली नाही, फक्त बॅच बदलली. सूट द्यायला काही सहकारी तयारच होते, एक सर तर म्हणाले की त्याला प्रोजेक्टमध्ये जास्त ताण नको, बिचारा. बिचारा म्हटलं की पोरगं संपलं, असं माझं मत. सोल्डरिंग त्याच्याकडूनच करून घेतलं, आणि यावेळी टोक पॅडवर नीट टेकलं.

खरा घोळ कॉलेज सुटल्यावर होता, आणि हे मला समजायला ऑगस्ट उजाडला. आम्ही सगळे त्याच्या दिवसाची काळजी करत होतो, आणि दिवसाला त्याला काहीच होत नव्हतं. त्याचे वाईट तास म्हणजे संध्याकाळी सात ते अकरा. मेसमधून साडेसातला जेवून आलं की पुढे काय? जुन्या फ्लॅटवर तो गेला नाही, नवीन खोली घेतली, जुना रूममेट (बाटल्या भंगारात देणारा) बरोबर राहायला आला, आता बीईला, दिवसभर प्रोजेक्ट. खोलीच्या खाली टपरी, टपरीच्या पलीकडे परमिट रूम, वर सीएफएलचा निळसर प्रकाश आणि भिंतीवर पाल. "सर, पाल पण ओळखीची झालीये," म्हणाला. दारू सुटते म्हणजे दिवसातले चार तास अचानक रिकामे पडतात आणि त्यात कोणी मित्रही उरत नाहीत, कारण असलेले सगळे त्या चार तासांतलेच होते.

मीटिंगला जात होता, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, दारू सोडणारे एकमेकांना आधार देतात त्या गटाच्या. पुण्यात मराठीतूनही चालतात, फी नाही, नाव-गाव विचारत नाहीत. पण तिथे बहुतेक सगळे चाळिशी-पन्नाशीचे, कोणाची बायको सोडून गेलेली, कोणाची नोकरी. वीस वर्षांचा पोरगा उठून काय शेअर करणार, बॅकलॉग? एक काका त्याला म्हणाले, "तू नशीबवान, लवकर आलास," ते प्रेमानेच म्हणाले, पण याने त्यातून अर्थ काढला की मी अजून पुरेसा बिघडलोच नव्हतो. हा विचार लई धोकादायक, कारण त्याची पुढची पायरी म्हणजे 'मग थोडी चालेल'.

हीच अडचण अमेरिकेत कॉलेजांना पूर्वीच कळली होती. ब्राउन विद्यापीठात १९७७ पासून व्यसनातून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी प्राध्यापक नेमलेला होता, रटगर्सने १९८३ मध्ये कॅम्पसवर कार्यक्रम काढला आणि १९८८ ला अशा पोरांसाठी वेगळी राहायची सोय केली, टेक्सास टेकने असाच कार्यक्रम १९८६ ला काढला. कल्पना साधी, कॅम्पसमध्येच न पिणाऱ्यांची एक टोळी, एक खोली, एक कॉफीचं मशीन, पार्टीच्या रात्री जायला जागा. त्याच १९८६ मध्ये ऑगस्टात आपल्याकडे येरवड्याला डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचटांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, पुलं-सुनीताबाईंच्या देणगीचा हात लागून. म्हणजे पुण्यात उपचाराची परंपरा जुनी आहे, आणि विद्यार्थ्यांचं शहर म्हणून तर आपण मिरवतोच, पण या दोन गोष्टींची गाठ कॉलेजच्या आवारात पडलेली मी बघितली नाही. एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या २०१९ च्या सर्वेक्षणात दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांत एकालाच कसलीतरी मदत मिळते असं आलं होतं. ४३ हा त्या ३८ मधला एक, आणि आम्ही त्याला विचारत होतो की डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव का आलं.

मग ढोल आला. एफईला असताना हा एका पथकात वाजवायचा, यंदा परत जायचं म्हणाला. नदीपात्रात सराव, रोज संध्याकाळी सात ते साडेनऊ. माझा जीव वर-खाली, म्हटलं गणपतीत मिरवणूक, रात्रभर जागरण, आजूबाजूला झिंगलेली पब्लिक, नको. तो म्हणाला, "सर, पथकात वास आला तर ढोल काढून घेतात." मी तरी नाराजच होतो, आणि इथे मी सपशेल चुकलो. त्या सहा आठवड्यांत त्याच्या तोंडावर रंग आला. कमरेला ढोल बांधून दोन-अडीच तास हाणल्यावर माणूस खोलीवर येऊन आडवा होतो, टपरी दिसत नाही न् परमिट रूम दिसत नाही. झोप, जी महिनोन्महिने धड लागत नव्हती (दारू सुटल्यावर झोप बसायला वेळ लागतोच, डॉक्टरांनी सांगितलं होतं), ती लागायला लागली. हाताला फोड आलेले दाखवायचा, टिपरूचे. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवर तासन् तास वाजवलं, रूममेट बरोबर पाण्याची बाटली घेऊन चालत होता, काही झालं नाही.

झालं ते विसर्जनानंतर. ढोल गोदामात गेले, पथकाचा ग्रुप शांत झाला आणि सात ते अकरा पुन्हा समोर उभे. आठव्या दिवशी त्याचा मेसेज, "सर पाल परत आली". मला हसावं का घाबरावं कळेना. यावर तोडगा रूममेटच्या बहिणीने काढला, ती एमपीएससी करते, सदाशिव पेठेत अभ्यासिकेत बसते. तिने त्याला शेजारच्या अभ्यासिकेत सीट मिळवून दिली. महिन्याची फी, एक टेबल, एक खुर्ची, डोक्यावर पंखा, भिंतीवर 'मोबाईल सायलेंट ठेवा'. चाळीस पोरं मान खाली घालून बसलेली, कोणी कोणाला ओळखत नाही आणि तरी उठून गेलं की शेजारच्याला कळतं. नऊ वाजता सगळे चहाला खाली उतरतात, कटिंग, आयोगाला शिव्या, परत वर. इंजिनिअरिंगचा पोरगा एमपीएससीवाल्यांत बसून डीएसपी (डिजिटल सिग्नल प्रोसेसिंगचा विषय) करतोय. पण तिथे तो ४३ नव्हता, रिहॅबवाला नव्हता, फक्त खिडकीजवळच्या सीटवाला होता. शेवटची बस पकडून नऱ्ह्याला परत, सव्वाअकराला खोलीवर, झोप. अमेरिकेतल्या त्या कॉफी मशीनवाल्या खोलीचं पुणेरी व्हर्जन म्हणजे अभ्यासिका असेल असं मला स्वप्नातही वाटलं नसतं.

आणि तरी स्लिप झाली, म्हणजे तो परत प्यायला. आम्ही वाईट दिवसांवर लक्ष ठेवून होतो, नापास झाला तर, घरी भांडण झालं तर, जुने मित्र भेटले तर. गोळी पण नोव्हेंबरपासून बंद होती, पोरगं चांगलं चाललंय म्हणून डॉक्टरांना विचारून थांबवली होती. स्लिप झाली ती डिसेंबरात, ओरल संपल्या त्या दिवशी. बाहेरून आलेले एक्स्टर्नल परीक्षक खूश, सगळे विषय क्लिअर होणार असं दिसत होतं, वर्गातली पोरं पहिल्यांदाच त्याला "चल ना भावा" म्हणाली, ज्यांनी जुलैत चिअर्स केलं होतं त्यांनीच, आणि या वेळी खरंच प्रेमाने. नाही म्हणणं त्याला दुःखात जमत होतं, आनंदात जमलं नाही. त्यात अभ्यासिकेत त्या दिवशी जायचं कारणच नव्हतं, अभ्यास संपलेला.

सकाळी सहा दहाला मेसेज, "सर झोल झाला". मी फोन केला. इथे मला केंद्रातल्या समुपदेशकांनी आधीच सांगून ठेवलेलं कामी आलं, की का प्यायलास हे विचारू नका, तो स्वतःला रात्रभर तेच विचारत असणार. मी विचारलं, "किती घेतलीस? काही खाल्लंयस का? खोलीवर कोण आहे?" तीन बिअर, काही नाही, रूममेट आहे. रूममेटच्या मोबाईलमध्ये १४४१६ सेव्ह होता, टेलिमानसचा, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, चोवीस तास लागतो, त्याने पहाटे चारला लावून बोलून घेतलं होतं, माझ्यापेक्षा शहाणा निघाला. मग पोहे, मग दुपारी डॉक्टर. डॉक्टरांनी आरडाओरडा केला नाही, गोळीचं परत बघितलं, फॉलोअप आठवड्यावर आणला. त्याला वाटत होतं बारा-तेरा महिन्यांचं मीटर शून्यावर आलं. डॉक्टर म्हणाले मीटर जाऊ दे, मागच्या वेळी थांबायला फिट यावी लागली होती, या वेळी सकाळी सहाला स्वतः मेसेज केलास.

वडिलांना सांगायचं का, यावर आमचं वाजलं. मला वाटत होतं सांगावं, उद्या काही झालं तर मी काय तोंड दाखवू. तो म्हणाला, "सर मी एकवीसचा आहे, मी सांगतो, पण मला सांगू द्या." चार दिवस लावले त्याने. ते चार दिवस माझ्या फोनवर बार्शीचा नंबर दिसला की पोटात गोळा यायचा. शेवटी त्याने सांगितलं, वडील पाच मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "रब्बीची घाई चालू आहे, दोन दिवस ये, दुकानात बस." तो गेला, खताच्या गोण्या मोजून आला.

चिअर्सवाल्या पोरांशी मी वेगळा बोललो नाही, तोच बोलला. काय बोलला माहीत नाही. जानेवारीत मात्र त्यांच्यातला एक माझ्या केबिनच्या दारात दहा मिनिटं घुटमळला आणि "सर, ४३ म्हणाला तुम्हाला भेट" एवढं बोलून खाली बघत उभा राहिला. त्याचा विषय गांजा. ती वेगळी केस, तिच्यात पोलिसांची भीती पण आहे. सध्या एवढंच, की उपचार आपणहून घेणाऱ्या व्यसनी माणसाला अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याच्या ६४-अ कलमात काही अटींवर संरक्षण आहे, हे आमच्या कॉलेजात कोणालाच माहीत नव्हतं, मलाही वकील मित्राकडून कळलं.

४३ आता बीईला आहे. सीट तीच, खिडकीजवळची. मागच्या आठवड्यात प्लेसमेंटचा फॉर्म भरायला माझ्या केबिनमध्ये बसला होता. सगळं भराभर भरलं, दहावी, बारावी, सीजीपीए, आणि एका रकान्यावर थांबला, 'शिक्षणात खंड असल्यास कारण'. त्याने 'वैद्यकीय' टाइप केलं, पुसलं, 'कौटुंबिक' टाइप केलं, पुसलं. मला विचारलं, सर काय लिहू. मी म्हटलं वैद्यकीय लिही, खोटं नाही ते. म्हणाला, "इंटरव्ह्यूला विचारलं कसलं वैद्यकीय, तर?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. फॉर्म सेव्ह करून तो उठला, अभ्यासिकेची वेळ झाली होती. मुदत शुक्रवारपर्यंत आहे.